डोळ्यांची साक्ष

कान व डोळे यांत चार बोटांचें अंतर असतें आणि तेवढेंच अंतर खोट्याखऱ्यांत असतें, असें आपले लोक फार दिवसांपासून म्हणत आले आहेत. ऐकलेल्यापेक्षां पाहिलेलें खरें, हा त्यांतील आशय. परंतु जगाविषयीं इतकी विश्वसनीय साक्ष देणारा हा डोळा स्वतःच्या प्रकृतीविषयीं बोलूं लागला म्हणजे त्याची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार सुशिक्षितांच्या घरांतही क्वचितच होतो. "मला सर्व कांहीं स्वच्छ दिसतें," एवढें उत्तर मिळालें कीं चौकशी संपते. ती तेथें संपूं नये, इतकेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

डोळ्यांच्या व्याधींत कांहीं बोलक्या असतात, कांहीं मुक्या. बोलक्यांत पहिली चाळिशी. वयाच्या ४० व्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाची लवचीकता कमी होते, वर्तमानपत्र हातभर लांब धरावें लागतें, आणि मग जो चष्मा घ्यावा लागतो त्यासही चाळिशी हेंच नांव देऊन आपल्या भाषेनें वयाची नोंद करून ठेविली आहे. दुसरा मोतीबिंदु. यांत तेंच भिंग गढूळ होत जातें, रंग फिके पडतात, दिव्याचा प्रकाश फांकलेला दिसतो. माणूस आपण होऊन डॉक्टरांकडे जातो. यावर शलाकेनें करावयाच्या शस्त्रक्रियेचें वर्णन सुश्रुतसंहितेंत आहे. गढूळ भिंग बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया जाक दाविएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १७४७ सालीं केली. आणि त्याच्या जागीं कृत्रिम भिंग बसविण्याचा पहिला प्रयोग हॅरोल्ड रिडली यांनीं १९४९ सालीं लंडन येथें केला. युद्धांत विमानाच्या पारदर्शक छताचे कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून राहिले तरी डोळा त्यांस सोसतो, हें पाहून त्यांस ती कल्पना सुचली होती. मोतीबिंदु "पिकण्याची" वाट पाहण्याचें कारण आज उरलेलें नाहीं, आणि गेलेली दृष्टि बहुधा परत मिळते.

मुक्या व्याधींची गोष्ट निराळी. त्यांत कांचबिंदु अग्रगण्य. डोळ्यांतील द्रवाचा दाब वाढल्यामुळें, आणि कित्येकदां तो वाढलेला नसतांनाही, डोळ्यांतून मेंदूकडे जाणारा मज्जातंतु झिजत जातो. या रोगाचा एक प्रकार तीव्र वेदना घेऊन येतो व तेव्हां तत्काळ रुग्णालय गांठावें लागतें. परंतु नेहमींच्या प्रकारांत डोळा दुखत नाहीं कीं लाल होत नाहीं. दृष्टि कडेकडेनें जाते आणि मधली पुष्कळ दिवस शाबूत राहते, म्हणून वाचणारा वाचीतच असतो. जें गेलें तें मात्र कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया हे सारे उपाय दाब उतरवून उरलेलें राखण्यापुरते आहेत.

दृष्टीचा एवढा भाग जावा आणि धन्यास पत्ता नसावा, हें कसें? याचें उत्तर वाचकांस घरबसल्या मिळेल. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे सुमारें ८ सेंटिमीटरांवर एक ठिपका काढावा. डावा डोळा झांकून उजव्यानें फुलीकडे टक लावावी आणि कागद हळूहळू जवळ आणावा. सुमारें ३० सेंटिमीटरांवर ठिपका नाहींसा होईल. मज्जातंतु जेथून बाहेर पडतो त्या जागीं प्रत्येक डोळा जन्मतःच आंधळा असतो, हा शोध मारियॉत या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६६८ सालीं प्रसिद्ध केला. परंतु खरी मौज पुढेंच आहे. ठिपक्याच्या जागीं काळें भोंक दिसत नाहीं; कोरा कागदच दिसतो. जें डोळ्यानें पाहिलें नाहीं तें मन आजूबाजूच्या रंगानें भरून टाकतें. कांचबिंदूंतही मनाचा हाच व्यवहार चालूं राहतो.

पाहणाऱ्यालाही अशा डोळ्यांत कांहीं आढळेलच असें नाहीं. महाकवि मिल्टन १६५२ सालीं पूर्ण अंध झाला. त्याचा रोग कोणता यावर आजही एकमत नाहीं; परंतु आपले डोळे बाहेरून निर्मळ व डागरहित आहेत, असें त्यानें १६५४ सालच्या आपल्या एका गद्यग्रंथांत सांगितलें आहे.

आमचे वडील शिक्षक होते. साठीनंतर त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीस लागूं लागला, ताटाच्या डावीकडचें भांडें कलंडूं लागलें. वर्तमानपत्र मात्र ते शेवटच्या पानापर्यंत वाचीत, आणि म्हणून डोळ्यांचा संशय त्यांस स्वतःस आला नाहीं. तपासणी झाली तेव्हां डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. हा रोग पुष्कळदां रक्ताच्या नात्यांत उतरतो, यास्तव आम्ही चाळिशीपासून दरवर्षीं तपासून घेत आलों. ५१ व्या वर्षीं यंत्रानें काढलेल्या दृष्टिक्षेत्राच्या नकाशावर एक काळा डाग उमटला. तेव्हांपासून रोज रात्रीं एकेक थेंब. या थेंबांनीं बरें वाटत नाहीं, कारण वाईट कधीं वाटलेंच नव्हतें. किंबहुना डोळे थोडे चुरचुरतातच. ज्याची उपजीविका आणि करमणूक दोन्हीं छापील अक्षरावर अवलंबून, त्यानें न दिसणाऱ्या शत्रूविरुद्ध, न जाणवणाऱ्या लाभासाठीं, जन्मभर नेम पाळावयाचा, हें वाटतें तितकें सोपें नाहीं. आम्हांस आजही कांहीं कमी दिसत नाहीं. परंतु ही गोष्ट पुरावा म्हणून आम्ही कोणापुढें मांडीत नाहीं.

मधुमेहाचीही चाल अशीच मुकी आहे. दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या तो निमूटपणें पोखरीत असतो. मधुमेह्यांनीं दृष्टिपटलाची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतरानें, बहुधा दरवर्षीं, करून घ्यावी. तसेंच लाल डोळ्यावर औषधाच्या दुकानांतून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणून ते महिनोन्‌महिने घालूं नयेत. त्यांनीं डोळ्याचा दाब वाढूं शकतो व मोतीबिंदुही होऊं शकतो.

चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळा तपासला, असा पुष्कळांचा समज आहे. नंबर भिंगाची हकीकत सांगतो, मज्जातंतूची नाहीं. चाळिशी कोणास चुकत नाहीं. तिच्या निमित्तानें नेत्रतज्ज्ञांकडे जाणें घडेल तेव्हां दाब, मज्जातंतु आणि दृष्टिपटल हीं तिन्हीं पाहण्याची विनंती करावी, आणि घरांत कोणास कांचबिंदु असल्यास तें न विचारतां सांगावें. बोलक्या व्याधीनें दारापर्यंत नेलेंच आहे, तर मुकीची चौकशी त्याच फेरींत उरकून घ्यावी.