सुरीची निवड

सुरी निवडणे हे मराठीच्या अध्यापकाचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते. पण गेल्या वर्षी, जत्रेच्या आधी, खेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून काकांचा निरोप आला : "आजोबांच्या सुरीचं टोक मोडलं. तू लोखंडाच्या गावात राहतोस, एक बरी बघून आण."

आजोबांची ती सुरी मुळात शिकारीची. ससा, क्वचित रानडुक्कर, एवढीच त्यांची शिकार. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आमच्या घरातली शिकार संपली. सुरी मात्र राहिली. वर्षातून एकदा देवीच्या बोकडासाठी ती आढ्यावरून खाली येई. माझा जन्म या सगळ्यानंतरचा. त्यामुळे आजोबांची शिकार मला ठाऊक आहे ती वडिलांच्या बोलण्यातून आणि त्या झिजलेल्या पात्यावरून.

पिंपरीच्या दुकानांत चकचकीत सुऱ्या पुष्कळ होत्या. घडीचा चाकू काकांनी आधीच नाकारला होता. चरबी आणि रक्त बिजागरीत शिरले की ते धुऊन निघत नाही, आणि जोर दिल्यावर पाते हातावर मिटण्याचे भय. पाते मुठीत शेवटपर्यंत गेलेले हवे, ही त्यांची पहिली अट. चार-साडेचार बोटे लांबी पुरे. कातडे सोडवताना लांब पाते आड येते. पोटाकडे धार गोलाईने फिरलेली हवी आणि टोक फार अणकुचीदार नको, नाहीतर आतडे फुटून मांस नासते. मूठ गुळगुळीत नको. काकांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण वस्तूचे असे नेमके वर्णन मी माझ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही फार वाचलेले नाही.

अखेर चाकणच्या रस्त्यालगत पाल ठोकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडे गेलो. नवरा सांडशीने लोखंड धरतो, बायको घण घालते. लोखंड म्हणजे भंगारातल्या मालमोटारीच्या कमानीचा पाटा. ज्या चाकणमध्ये २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, ज्या पट्ट्यात रोज नव्या गाड्या तयार होतात, तिथेच रस्त्याकडेला जुन्या गाडीची सुरी होत होती. कमानीचे पोलाद लवचीक आणि चिवट. ते गंजते, पण दगडावर चटकन धार घेते. न गंजणाऱ्या सुरीपेक्षा काकांना हेच मानवणार होते.

पाते लाल करून त्याने ते तेलात बुडवले, आणि मग पुन्हा हलके तापवून त्यावर चढणारा रंग पाहत राहिला. "पाणी जास्त झालं तर काचेवाणी तुटंल, कमी झालं तर धार मुडपंल," तो म्हणाला. फारसीतला 'आब' म्हणजे पाणी आणि तेजही. 'आबदार' आणि आपला 'पाणीदार' हे शब्द मी वर्गात कितीदा समजावले असतील. ते पाणी जोखताना मात्र प्रथमच पाहिले.

सुरी कागदात गुंडाळून, पुस्तकांच्या पिशवीत घालून परत निघालो. एका चौकात नाकाबंदी होती. २०२२-२३ च्या सुमारास आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी 'कोयता गँग' हा शब्द रूढ केला आणि ऊस तोडणारे, नारळ सोलणारे एक अवजार बदनाम झाले. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र ठरते. घरगुती वा शेतीच्या कामासाठी घडवलेले मात्र त्यातून वगळले आहे. म्हणजे पात्याइतकाच त्यामागचा हेतूही मोजायचा. माझी सुरी त्या मापाच्या आतच होती, तरी छातीत धडधडले.

"पिशवीत काय आहे, सर?" 'सर' हे संबोधन माझ्या चष्म्याला आणि पिकलेल्या केसांना होते.

"पुस्तकं. आणि एक सुरी, गावच्या जत्रेसाठी."

तो हसला आणि जा म्हणाला. पिशवी उघडलीही नाही. शेजारी दुचाकीवरून उतरवलेली दोन मुले उभी होती. वय माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गातले, अंगात कारखान्याचा गणवेश. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्या रस्त्यावर रिकाम्या केल्या जात होत्या. एकीतून जेवणाचा डबा निघाला, दुसरीतून पाना आणि हातमोजे. सुरी होती ती माझ्याकडे. मी काहीच बोललो नाही. गाडी सुरू केली.

जत्रेच्या सकाळी काकांनी नव्या सुरीचे पाते अंगठ्याने आडवे चाचपले, मूठ तळहातात तोलून पाहिली आणि मान डोलावली. "चांगली निवडलीस. किती पडले?"

मी किंमत सांगितली. चौकातले मात्र सांगितले नाही.