आडात आहे, पोहऱ्यात नाही

चोर्ला घाट चढून कणकुंबीला पोचलं की प्रत्येक गोंयकाराची मान आपोआप रस्त्याच्या कडेला वळते. कळसाचं खोदकाम कुठवर आलंय ते बघायला. मीही बघतो. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडकडे न्यायचं की नाही, यावर लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. त्यावर पुन्हा सर्वोच्च न्यायालय. तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या गाड्यावरसुद्धा 'टीएमसी' हा शब्द सगळ्यांना पाठ. (मी पहिल्यांदा तो एका पत्रात टंकला तेव्हा अर्थ विचारला होता. शेजारच्या तीन टेबलांवर कुणालाच ठाऊक नव्हता. असो.)

पण या मे महिन्यात मी निघालो होतो तो वेगळ्याच पाण्यासाठी. बेळगावच्या मावशीचा फोन आला होता. "आड बुजवणार म्हणतात रे. तू सरकारातला माणूस, येऊन चार शब्द सांग." मी कोणत्या खात्यात आहे ते इथे सांगत नाही. बांधकामाच्या फायली माझ्या टेबलावरून पुढे सरकतात, एवढं पुरे. बी. ए. मराठी, त्यामुळे बांधकामातलं मला काही कळत नाही. पण मावशीच्या मते सरकारी माणसाला सगळं कळतं.

मावशीचं घर शहापुरात. आज शहापूर म्हणजे बेळगावच, पण संस्थानी काळात ते सांगलीकरांचं होतं. विणकरांची वस्ती, अरुंद गल्ल्या, एकाला एक चिकटलेली घरं. मावशीच्या घराची मागची पडवी ओलांडली की परसात आड. विहीर नव्हे, आड. पाच फूट रुंद, गोल, दगडी कडं, वर लोखंडी रहाट. लहानपणी सुट्टीत आलो की या रहाटाचा करकर आवाज हेच आमचं घड्याळ. पुढे घरात नळ आला, मग छपरावर टाकी आली, आणि आडावर कपडे वाळत घालायची दोरी आली.

आता घर बिल्डरला द्यायचं चाललंय. मावसभावाचं चुकतंय असं मला म्हणता येणार नाही. वासे किडलेत, कौलं दर पावसाळ्याला सरकतात, चाळणारा माणूस मिळत नाही, आणि वाटण्या तीन आहेत. बिल्डरने काढलेल्या नकाशात आडाच्या जागी एक लांबट चौकोन आहे आणि त्यावर लिहिलंय 'पार्किंग २'.

या नकाशाला आडवा आलाय तो घरातलाच एक. मावसभावाचा मुलगा, माझा पुतण्या. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. याच्या बरोबरीची मुलं उंच इमारतींचे आराखडे संगणकावर काढत होती आणि हा पठ्ठ्या गल्लीतल्या परसांतून दोरी घेऊन फिरत होता. दोरीला फुटाफुटावर गाठी, टोकाला शिशाचं वजन. गल्लीतले सगळे जुने आड आणि विहिरी मोजायच्या. वर्षभर, दर रविवारी, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहायचं.

ती वही मी पाहिली. मला फायलींची सवय, त्यामुळे नोंदवही नीट ठेवली आहे की नाही ते लगेच कळतं. ही नीट होती. मावशीचा आड ५२ फूट खोल. ऑगस्टात पाणी कड्यापासून ९ फुटांवर. त्या दिवशी, म्हणजे ऐन मेमध्ये, ३८ फुटांवर. "म्हणजे काका, अजून १४ फूट पाणी उभं आहे बघा. पावणेआठ हजार लिटर. आणि आम्ही टँकर मागवतोय!"

पाणी येतं कुठून, हे त्याने मला जमिनीवर बसून कोळशाने काढून दाखवलं. बेळगावच्या परिसरात वर जांभा, खाली काळा पाषाण. आपल्याकडचा चिरा तोच हा जांभा. भोकाभोकांचा, पाणी पिणारा. पाऊस त्यातून झिरपत खाली जातो, मधल्या चिकणमातीपाशी आणि पाषाणाच्या फुटक्या थरापाशी अडतो, आणि तिथे मिळेल त्या फटीतून आडवा चालू लागतो. जुन्या लोकांनी आड खणले ते बरोबर तिथवर. "पण वरची माती उघडी असेल तर," तो म्हणाला. गल्लीत परसं होती तोवर पाणी मुरत होतं. आता भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. पाणी मुरायचं कुठे? ते गटारात जातं, गटारातून नाल्यात, आणि दर पावसाळ्यात बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शेतांत शिरला की आपण म्हणायचं, यंदा पाऊस फार!

मग त्याने हिशेब मांडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हे इतकं सोपं आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. बेळगावात वर्षाला बाराशे मिलिमीटर धरा. शंभर चौरस मीटरचं छप्पर. झाले एक लाख वीस हजार लिटर. उडून-सांडून पाचवा हिस्सा गेला तरी शहाण्णव हजार उरले. सरकारी मापाने माणशी रोज १३५ लिटर धरले तर पाच माणसांच्या घराला चार महिन्यांहून जास्त पुरतात. सगळं पाणी आडात राहतं असं नाही, काही जमिनीत पुढे निघून जातं. पण ते शेजारच्या आडात जातं, हुबळीला नाही.

संध्याकाळी त्याने मला स्कूटरवर मागे बसवून टिळकवाडीत नेलं, काँग्रेस विहीर दाखवायला. डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात फक्त याच एका अधिवेशनाचे. गंगाधरराव देशपांड्यांनी माळावर एक अख्खं गाव उभं केलं होतं, विजयनगर नावाचं. तंबू, मांडव, पाणी, सफाई. एवढ्या लोकांना पाणी पुरवायचं म्हणून ही विहीर खणली, खर्च ४३७० रुपये ३ आणे. नाव ठेवलं पंपा सरोवर. अधिवेशन संपलं, मांडव उतरला, तंबू गेले, विजयनगर नाहीसं झालं. विहीर राहिली. तीन आण्यांचाही हिशेब ठेवणारे ते लोक मला एकदम आपल्या खात्यातले वाटले.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९९५ साली बेळगावात पाण्याची मोठी टंचाई झाली. एरवी गावाची तहान राकसकोप आणि हिडकलवर. तेव्हा कुठे जुन्या विहिरींची आठवण झाली. काहींत कचरा, काहींत गणपती विसर्जनाचा गाळ. भूगर्भातल्या जाणकारांना विचारून गाळ उपसला, पंप बसवले, आणि त्या पाण्याने गावाला हात दिला. जाणकार लांबून आणायचीही गरज नव्हती. रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडकाच्या प्रदेशासाठीचं केंद्र १९८७ पासून बेळगावातच आहे. नव्या धरणाला, नव्या जलवाहिनीला जितकी वर्षं लागली असती त्याच्या अगदी थोड्या वेळात हे झालं. कारण विहिरी आधीच खणलेल्या होत्या, फक्त त्यांच्याकडे बघायचं राहिलं होतं.

बघायचं का राहतं, ते मात्र मी सांगू शकतो. तेवढं माझ्या टेबलावरचं ज्ञान. नवं बांधायचं तर भांडवली खर्च. त्याची कोनशिला असते, फीत असते, छायाचित्र असतं. देखभाल हा महसुली खर्च; पैसे कमी पडले की पहिली कात्री त्याला. गाळ उपसल्याची फीत कापायला कोण येणार? हलग्याजवळचं सुवर्ण विधानसौध आठवा. सीमाप्रश्नाचं राजकारण क्षणभर बाजूला ठेवू (बेळगावात ते ठेवता येत नाही हे मला माहीत आहे). २०१२ साली राष्ट्रपतींच्या हस्ते उद्‌घाटन झालं, पण अधिवेशन भरतं ते वर्षातले थोडे दिवस. २०२२ साली तिथल्या सौधासमोर कुणीतरी शेवया वाळत घातल्या आणि केवढा गहजब झाला! मावशीचं मत, "उन्हाचा उपयोग केला, चुकलं काय?"

पुतण्याला विचारलं, तुम्हाला हे शिकवतात का? म्हणाला, "हरित इमारत म्हणून एक विषय असतो काका. काच कुठली, दिवे कुठले, असं. पण आहे ती इमारत पन्नास वर्षं कशी सांभाळायची, त्याचा पेपर नाही ओ." त्याच्या विद्यापीठाला नाव विश्वेश्वरय्यांचं, १९९८ पासून मुख्यालय बेळगावातच. विश्वेश्वरय्या पुण्याला शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि १९०३ साली खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. धरण न वाढवता त्याच धरणात जास्त पाणी राहू लागलं. म्हणजे आहे त्यातून जास्त काढायचं, ही त्यांच्या नावाची खरी शिकवण. दरवाज्यांचं गणित पोरांना येतं, त्यामागची काटकसर परीक्षेत विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर निपाणीला गेलो. त्याच्या प्रकल्पातला एक मित्र तिथला, आणि तो विहिरींऐवजी तंबाखूची एक जुनी वखार मोजत होता. मला आईच्या आजोळामुळे निपाणीची ओढ आहेच. हमरस्त्यावर यमगर्णीचा पूल लागला तेव्हा २०१९ ची आणि २०२१ ची आठवण निघाली. वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली होती. वखार मात्र उंचावर, कोरडी. तंबाखू ठेवायची म्हणजे आत दमट नको आणि फार कोरडंही नको, म्हणून जाड भिंती आणि वर झरोके. बाहेर रणरण ऊन, आत शर्ट अंगाला चिकटत नव्हता. वास अजून तोच, खोकला काढणारा. या भागात बऱ्याच रानांत तंबाखूची जागा उसाने आणि सोयाबीनने घेतली, वखारी मोकळ्या पडल्या. मित्राचा सवाल साधा होता: इथे शाळा का भरू नये, दवाखाना का नको? ही पाडून पुन्हा सिमेंटचंच बांधणार ना? जगातल्या कार्बन वायूपैकी सुमारे आठ टक्के नुसत्या सिमेंटमुळे निघतो, हा आकडा त्याने मला ऐकवला. वखारीच्या मालकाला त्याने अजून ऐकवलेला नाही, कारण मालक मापं घेऊ देतो हेच पुष्कळ.

रात्री शहापुरात बैठक बसली. मावसभाऊ, पुतण्या, कॉटवर मावशी, आणि सरकारी माणूस म्हणून मी. मी बराच वेळ छान बोललो. जांभा, पाषाण, एक लाख वीस हजार लिटर. मावसभाऊ ऐकत होता. मग त्याने शांतपणे विचारलं, "तुमच्या फोंड्याच्या घरची बाव कशी आहे रे? लहानपणी आम्ही पोहायचो ती."

मी गप्प. २०११ साली गाडी घेतली तेव्हा ठेवायला जागा नव्हती. मी बावीवर स्लॅब घातला. आमच्या गोव्यात भूजलाचा कायदा २००२ सालचा. विहिरींची नोंदणी करायची असते, हे त्या कायद्याची पत्रं टंकून मला पाठ होतं. तरी घातला. त्यावर आज माझी अल्टो उभी असते आणि मी म्हादईच्या मोर्चाला त्याच अल्टोतून गेलो होतो. हे सगळं मी तिथे सांगून टाकलं. आतापर्यंत घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

मावशी म्हणाली, "मग तू काय सांगायला आलास रे इथे?"

पुतण्या हसला, पण त्याने तेवढ्यात नकाशा पुढे ओढला. आड कोपऱ्यात ठेवला, छपराचं पाणी गाळून आत सोडलं, तर 'पार्किंग २' जातं आणि एक जिना सरकवावा लागतो. मावसभावाने हिशेब केला, दोन गाड्यांची जागा म्हणजे किती लाख. मग म्हणाला, बिल्डरला विचारतो. बिल्डरचं उत्तर अजून आलेलं नाही. माझ्या अंदाजाने तो 'बघू' म्हणेल.

निघताना पुतण्याने गाठींची एक दोरी माझ्या हातात दिली. "काका, तुमचीपण मोजा. दर रविवारी."

स्लॅबला पंपासाठी ठेवलेलं एक झाकण होतं, गंजून बसलेलं. उघडायला शेजाऱ्याची पहार आणावी लागली. ऑफिसातून मिळालेल्या डायरीत पहिली नोंद केली आहे. रविवार. पाणी कड्यापासून १७ फूट ४ इंच. वास नाही. बेडूक एक.