डोळा आणि काटा

महाबळेश्वरला जाऊन बॉम्बे पॉइंटवरचा सूर्यास्त चुकवायचा नाही, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा सोबत भाचा होता. तो विमान चालवतो. सूर्य क्षितिजाला टेकला तशी आमची सौ. म्हणाली, "आता बुडणार हं!"

"बुडालासुद्धा, मामी! हवेत किरण वाकतात, म्हणून दिसतो आहे एवढंच."

चण्यांची पुडी पुढे करून आम्ही त्याचे तोंड बंद केले. पण अंधार पडला, कोकणाकडची दरी काळीभोर झाली, दूर चारदोन दिवे लुकलुकू लागले, तसा तोच गंभीर झाला.

"मामा, रात्री अशा काळोखावरून धावपट्टीकडे येताना, आहोत त्याहून उंच आहोत असं वाटतं. माणूस विमान आणखी खाली घेतो आणि घात होतो."

म्हणून वैमानिकाला दोन वाटाडे दिलेले असतात. एक रेडिओलहरींवर चालणारा काटा. तो साधारण ३ अंशांचा उतार दाखवतो, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ५२ मीटर खाली. दुसरा, धावपट्टीशेजारचे चार दिवे. दोन पांढरे, दोन तांबडे दिसले की वाट बरोबर. चारही तांबडे म्हणजे फार खाली.

"आणि दोघांचे पटले नाही तर?" मी विचारले.

"अगदी जमिनीजवळ थोडा फरक पडतोच. मोठ्या विमानात वैमानिकाचे डोळे वर, काट्याचा अँटेना खाली. पण बरंच वर असताना काटा 'ठीक' म्हणतो आणि दिवे तांबडे, तर आपल्याला सोयीचं त्याचं ऐकायचं नाही. उतरणं सोडून पुन्हा वर जायचं."

मग त्याने मंगळूरची हकीगत सांगितली. २२ मे २०१० रोजी तिथल्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीकडे एक विमान फार उंचावरून येत होते. यंत्रे इशारे देत होती, सहवैमानिकही परत वर जाऊ म्हणत होता. तरी विमान उतरवलेच. १५८ माणसे गेली.

मी गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी भर पावसात मुंबईला आमचे विमान टेकता टेकता पुन्हा वर गेले होते. "धड उतरवतासुद्धा येत नाही!" असे मी चारचौघांत मोठ्याने म्हणालो होतो. कोणी वैमानिकाने त्या रात्री आमचे प्राण जपले असतील, हे मनातही आले नव्हते. ते मी भाच्याला सांगून टाकले.

तो काही बोलला नाही. चण्यांची पुडी तेवढी त्याने माझ्यापुढे धरली.