कामाच्या नोंदी कुणाच्या हातात?
अ‍ॅटलासियनने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या जिरा या सॉफ्टवेअरच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट थांबवला. आपल्या यंत्रावर चालणारं सॉफ्टवेअरही परक्याच्या मर्जीवर असू शकतं, ते असं. म्हणून मला रेडमाइनसारखं मुक्त परवान्याचं सॉफ्टवेअरच योग्य वाटतं: २०११ मध्ये विकासकांत मतभेद झाले, तेव्हा त्यांतल्या काहींनी त्याच्याच कोडवरून चिलीप्रोजेक्ट काढलं आणि त्यातून पुढे ओपनप्रोजेक्ट आलं. देखभाल कोण करणार, हा आक्षेप रास्तच आहे. नुसत्या डेटाबेसचा बॅकअप पुरत नाही. जोडलेल्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तो घ्यायचा राहिला तर नोंद परत येते, तिचा स्क्रीनशॉट येत नाही. पण हे काम जाणत्या माणसावर सोपवता येतं. विक्रेत्याचा निर्णय फिरवणं मात्र ग्राहकाच्या हातात नसतं. अगदी छोट्या संस्थेने भाड्याची सेवा खुशाल घ्यावी, फक्त सगळ्या नोंदी बाहेर काढता येतात ना, हे आधी पाहावं.