जवारीच्या दुपारी

'पहिली बेटी धनाची पेटी' असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई म्हणायची. काहींच्या आवाजात समजूत घातल्याचा सूर असे, आणि तो मला कळे. पण समजूत घालण्यासारखं काही नव्हतंच. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर जिलेबी, अशी आमच्याकडची रीत. माझे सासरे मिरजेहून सांगलीला नात बघायला आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि परत जाऊन सगळ्या गल्लीत त्यांनी स्वतः पेढे वाटले. ही 1993 सालची गोष्ट. लेकीच्या जन्माची आठवण सांगताना मी आधी सासऱ्यांचंच नाव घेते.

बाळंतपण माहेरी झालं. न्हाऊ घालायला मावशी यायच्या. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, नडग्यांवर लेक पालथी, टाळूवर तेल जिरवलेलं, हळद-डाळीच्या पिठाचा हात पाठीवरून फिरतोय आणि तिचं रडणं मागल्या दारापर्यंत. मग ओवा-वावडिंगाची धुरी आणि मऊ जुन्या लुगड्याच्या दुपट्यात घट्ट गुंडाळणं. बांधून झालं की ती एकदम गप्प व्हायची आणि डोळे मोठे करून छताकडे बघत राहायची. आई सहाणेवर गुटी उगाळायची. हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धाच. आता डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात, आणि ते योग्यच आहे. तरी ओल्या वेखंडाचा वास आला की माझी मांडी आपोआप हलायला लागते.

बारसं झालं, बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओतलेले चुरमुरे आणि बोरं, सगळं अल्बममध्ये आहे. ते सोहळे चार लोकांचे होते. आमच्या दोघींचं जे होतं, ते मिरजेतल्या दुपारींमध्ये होतं.

आमचं घर सतारमेकरांच्या गल्लीला लागून. पूर्वी हत्यारं घडवणारी शिकलगार घराणी गेल्या दीडशे वर्षांत तिथे सतारी आणि तंबोरे घडवू लागली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे दारोदार रचलेले असत. दुपारी जेवणं आटोपली, रस्ता ओस पडला की समोरचे चाचा जवारी लावायला बसायचे. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा कानस. एकच स्वर, तासन् तास. नव्या माणसाला कंटाळा यावा असं ते काम, पण माझी लेक अंगाईला दाद देत नसे, ती त्या तारेवर झोपायची. मी थोपटत असायचे आणि माझा हातही नकळत चाचांच्या लयीत पडायचा. तार मनासारखी लागली की तिचा नाद लांबत जाई, आणि नेमकी तेव्हाच माझ्या पदरात अडकवलेली तिची बोटं सैल पडत. संसारात मला सुख कशाला म्हणतात ते कोणी विचारलं, तर मी त्या दुपारी दाखवीन.

चालायला लागली तशी ती दुपारची झोपेनाशी झाली. सरळ चाचांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. भुश्शाने केस पांढरे करून परत यायची आणि मी ओरडायला तोंड उघडलं की 'चाचा' एवढंच सांगायची, जणू त्यात सगळा खुलासा आला. 1995 च्या डिसेंबरात पल्स पोलिओची मोहीम पहिल्यांदा देशभर निघाली, तेव्हा केंद्रावर सगळी मुलं भोकाड पसरून रडत होती. हिने दोन थेंब घेतले, जीभ बाहेर काढून ताईंना म्हणाली, "अजून." 2014 साली भारत पोलिओमुक्त झाल्याची बातमी वाचली, तेव्हा मला ती जीभ दिसली.

आता ती पुण्याला असते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, आपली गल्ली पेपरात आली बघ!" आवाज तोच, उंबऱ्यावरून धावत आल्यासारखा. मग म्हणाली, मला तिथलं काहीच नीट आठवत नाही गं, मी तिथे बसून करायचे तरी काय?

मी सांगत बसले. अगं, चाचांनी भोपळा कापून कोरून ठेवला की तू त्यात पार मानेपर्यंत डोकं घालायचीस आणि स्वतःच्याच नावाने हाका मारायचीस. आतून घुमून आवाज आला की खदाखदा हसायचीस आणि चाचांना हाताला धरून ओढायचीस, आता तुम्ही मारा म्हणून. ते हातातली कानस खाली ठेवायचे आणि भोपळ्याशी वाकून तुला हाक मारायचे.