विदर्भात कसली आलीय थंडी?

ऑफिसमधली एक मैत्रीण मागच्या हिवाळ्यात नॉर्वेच्या क्रूझवर निघाली होती. महिनाभर लंच टाइमला दुसरा विषय नाही. थर्मलचे किती जोड घ्यायचे? डेकवर वारा लागला तर पार्का पुरेल का? कॅप्टनच्या डिनरला साडी नेसायची की गाऊन? आम्ही सगळे तिच्या एक्सेल शीटवर फिदा होतो. त्याच सुमारास आम्ही चौघं सूरजागडला निघालो होतो. आमचं पॅकिंग वीस मिनिटांत उरकलं. चार टी-शर्ट, दोन जीन्स, गॉगल आणि सनस्क्रीन. स्वेटर? छे! विदर्भात कसली आलीय थंडी?

बॉस, हा आमच्या आयुष्यातला सर्वांत महागडा प्रश्न ठरला.

पारा घसरतो तेव्हा

सूरजागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातला डोंगर आणि त्याच नावाचं गाव. नागपूर, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली असं करत इथे पोहोचायचं. नागपूर ते गडचिरोलीच सुमारे १७० किलोमीटर, आणि खरं जंगल त्यानंतर सुरू होतं. आम्ही गेलो होतो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ठाकूरदेवाच्या यात्रेला. माडिया गोंडांचा हा मोठा मेळा. यात्रेकरू छत्तीसगड आणि तेलंगणातूनही येतात.

पहाटे पाचला आलापल्लीहून जीप सुटली. खिडकीची काच वर जात नव्हती. दहाव्या मिनिटाला माझे दात वाजायला लागले आणि विसाव्या मिनिटाला सनस्क्रीनची बाटली बघून मलाच हसू आलं. मे महिन्यातल्या बातम्या वाचून आपण विदर्भाचं एकच चित्र मनात पक्कं केलेलं असतं. पण ज्या नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथेच २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांवर आला होता. कारण साधं आहे. मुंबईला समुद्र सांभाळून घेतो, दिवसाची ऊब रात्री परत करतो. इथे समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आकाश निरभ्र असलं की जमिनीची उष्णता रात्रभरात वर उडून जाते, त्यात उत्तरेचा वारा. जंगलात, नदीकाठी थंडी आणखी बोचते. आणि दुपारी बारा वाजता? चक्क टी-शर्टवर घाम!

म्हणजे प्रश्न नॉर्वेच्या क्रूझवाल्या मैत्रिणीचाच होता, फक्त जहाजाऐवजी जीप. तिनेच नंतर फंडा सांगितला. एक जाड जाकीट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या. आतला थर घाम शोषून लगेच वाळणारा. कॉटन इथे दगा देतं, कारण ते ओलं राहतं आणि ऊन गेलं की तेच अंगाला गार लागतं. मधला थर लोकरीचा, ऊब धरून ठेवणारा. वरचा थर वारा अडवणारा, साधं विंडचीटरसुद्धा चालेल. डेक असो की जीप, माणूस गारठतो तो वाऱ्याने. सूर्य चढला की कांद्यासारखा एकेक पदर काढायचा, संध्याकाळी पुन्हा चढवायचा.

हा रंग नको, भाऊ!

आमच्यातल्या एकाकडे जाकीट होतं. मिलिटरी ग्रीन, भरपूर खिसे, एकदम कूल. एटापल्लीला चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरदादा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “भाऊ, हे कायले घातलं? इकडे हा रंग नको.”

आधी आम्हाला गंमत वाटली. मग लक्षात आलं. या जंगलात कित्येक वर्षं हिरवा गणवेश दोनच प्रकारची माणसं घालत आली. एक पोलीस, दुसरे नक्षलवादी. दुरून झाडीत दिसणाऱ्या हिरव्या आकृतीकडे कोण कशा नजरेने बघेल, सांगता येत नाही. गावातली म्हातारी बिचकणार, चौकीवरचा जवान सावध होणार. चित्र आता खूप बदललंय. १ जानेवारी २०२५ ला गर्देवाडा-वांगेतुरी भागात पहिल्यांदा एसटी धावली, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली. तरी माणसांच्या मनातली भीती एका तारखेला संपत नाही. मित्राने जाकीट काढलं आणि ड्रायव्हरदादांची चादर पांघरली. स्टाइल गेली, पण गावात लोक आमच्याशी बोलायला लागले.

पांढरा शर्ट आणि लाल धूळ

दुसरी चूक माझी. फोटोत उठून दिसेल म्हणून मी पांढराशुभ्र कुर्ता नेला होता. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, उच्च प्रतीचं. २०२१ पासून इथे खाणकाम जोरात सुरू झालंय आणि रस्त्यावर ट्रकच्या रांगा असतात. दुपारपर्यंत माझा कुर्ता विटकरी झाला होता. हॉटेलवर तीनदा धुतला, रंग हटला नाही.

पण कुर्त्याचं दुःख फार काळ टिकलं नाही. कारण ज्या डोंगररांगेत हे खनिज आहे, तिथेच ठाकूरदेवाचं ठाणं. परिसरातल्या सत्तरेक गावांचं हे श्रद्धास्थान. लोक इथे १८५७ च्या लढ्यातल्या बाबुराव शेडमाकेंचीही आठवण काढतात. २१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजांनी त्यांना चांद्याला फाशी दिली, तेव्हा ते फक्त २५ वर्षांचे होते. यात्रेत पूजा होते, ढोल वाजतात आणि जंगल-जमिनीची चर्चाही होते. कोणी म्हणतं, खाणीमुळे पोराला नोकरी लागली. कोणी म्हणतं, देवाचा डोंगरच गेला तर नोकरी घेऊन काय करू? दोन्ही माणसं एकाच शेकोटीभोवती बसलेली होती. मी कुर्त्यावरची धूळ झटकत राहिले, पण त्यांना ती रोजच अंगावर घ्यावी लागते.

जुन्या कपड्यांची पिशवी

आता जरा अवघड गोष्ट. आमच्या डिकीत एक मोठी पिशवी होती. सोसायटीत फिरून गोळा केलेले जुने कपडे, ‘तिकडच्या गरिबांना’ वाटायला. त्यात विरलेले टी-शर्ट होते, चेन तुटलेली जीन्स होती, कुठल्याशा कंपनीच्या लोगोच्या टोप्या होत्या. थंडीत कुडकुडणाऱ्यांना आपण ऊब देणार, अशी छान भावना घेऊन आम्ही निघालो होतो.

तिकडे कुडकुडत कोण होतं? आम्ही! रात्री एका घरी उतरलो. घरातल्या आजींनी आमच्याकडे एकदा बघितलं, शेकोटीजवळची जागा रिकामी करून दिली आणि आतून दोन चादरी आणून आमच्या अंगावर टाकल्या. मराठी त्यांना फारसं येत नव्हतं, माडिया आम्हाला अजिबात येत नव्हतं. त्यांचा नातू नागपूरला शिकतो. त्याच्या अंगात माझ्यापेक्षा चांगला स्वेटर होता. पिशवीबद्दल त्याला हळूच विचारलं, तर तो हसून म्हणाला, “ताई, आमच्याकडे आठवडी बाजार भरतो. तुम्हाला हे कपडे घालावेसे वाटले नाहीत, तर आजीला कशाला वाटतील?”

त्या थंडीतही कान गरम झाले.

मग हेमलकसाची आठवण झाली. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी भामरागडजवळ लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला आले. तेव्हा इथल्या माडियांकडे खरोखरच अंगभर कपडे नव्हते. प्रकाशभाऊंनी काय केलं? स्वतःचे कमी केले. हाफ पँट आणि बनियन हाच त्यांचा कायमचा वेश झाला. समोरच्याला आपल्यासारखं करण्याआधी आपण त्याच्या जवळ जावं, इतकं साधं. आपण त्यांच्यासारखं राहू शकणार नाही, मान्य. पण निदान आपला कचरा दान म्हणून त्यांच्या दारात नेऊ नये, एवढं तर जमेल?

पिशवी जशी गेली तशी परत आली. आजींच्या चादरी मात्र सकाळी घडी करून परत देताना हात रेंगाळले.

येताना काय आणाल?

परतीच्या वाटेवर आरमोरी लागतं. या भागातली ढिवर कुटुंबं ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवतात. त्याच कोशांपासून टसर, म्हणजे आपलं कोसा सिल्क बनतं. नैसर्गिक मधाळ रंग, हाताला किंचित खरखरीत, आणि अंगावर घेतलं की मऊ ऊब. जवळच्या भंडारा जिल्ह्यातल्या विणकरांची कोसा साडी किंवा शाल घेतलीत, तर ती ऑफिसच्या पार्टीत नक्की भाव खाईल. शिवाय घेताना घासाघीस थोडी कमी करा. झाडावरच्या अळ्यांना पाखरांपासून दिवसभर राखावं लागतं, मग कुठे धागा हाती येतो.

तुमची बॅग अशी भरा

• लवकर वाळणारे दोन टी-शर्ट, एक लोकरी स्वेटर, एक विंडचीटर. झोपायला थर्मलचा एक जोड.
• कानटोपी, मफलर आणि दोनऐवजी चार जोड मोजे. थंडी कानातून आणि पायातून शिरते.
• रंग मातकट, तपकिरी, निळा. मिलिटरी ग्रीन आणि कॅमफ्लाज प्रिंट घरीच. पांढरा तर अजिबात नको.
• पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, बंद बूट. डास आणि काट्यांसाठीही हेच बरं. झोपताना मच्छरदाणी लावा.
• सुती दुपट्टा. धुळीत तोंडावर, उन्हात डोक्यावर, थंडीत गळ्याभोवती.
• एकटे भटकू नका. ओळखीचा स्थानिक माणूस सोबत ठेवा, पोलीस ठाण्यात कळवा, खाणीच्या भागात घुसू नका. फोटो काढण्याआधी विचारा.
• जुने कपडे नेऊ नका. अगदीच काही द्यायचं असेल तर तिथे जाऊन विचारा, काय हवंय ते.

मैत्रीण नॉर्वेहून परतली. तिचे फोटो अप्रतिम होते, आणि गंमत म्हणजे तिचा पार्का बॅगेतून दोनदाच बाहेर निघाला म्हणे. तिने विचारलं, “तुमची थंडी कशी होती?” मी म्हटलं, “कडाक्याची. पण ऊब छान मिळाली.”