सात वाजले की सर्व्हर बसतो

दूध संकलन घड्याळावर चालतं. धार काढून शेतकरी केंद्रावर येतो, दुधाचं वजन होतं, फॅट-एसएनएफ लागतं, पावती निघते आणि मग दूध बल्क कूलरमध्ये जातं. पावतीला दोन सेकंदांऐवजी वीस लागू लागले की रांग दाराबाहेर जाते आणि किटलीतलं दूध कूलरबाहेर पडून राहतं. दर दहा दिवसांचं बिलही याच पावत्यांवर निघतं. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघातून फोन आला, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून मी निघालो.

“साहेब, पहाटे झकास चालतं. सात वाजले की सर्व्हर बसतो. बंद करून चालू केला की परत पळतो,” संगणक विभागातला तरुण सांगत होता. सर्व्हर जुना झाला, नवा घ्यावा, असं संघात ठरत आलं होतं. कोटेशनही मागवून झालं होतं. मी अडलो ते त्याच्या शेवटच्या वाक्याशी. डिस्क मंद असेल किंवा मेमरी अपुरी असेल, तर बंद-चालू केल्याने यंत्र पळू लागत नाही. उलट रीस्टार्टनंतर मेमरीतला साठा रिकामा असतो, त्यामुळे सुरुवातीला ते जरा हळूच चालायला हवं. पण रीस्टार्टने आणखी एक गोष्ट होते. डेटाबेसला जोडलेला प्रत्येक जण तुटतो.

डेटाबेस पोस्टग्रेसचा होता आणि मोजमापाची कोणतीही सोय चालू नव्हती. कोणत्या क्वेरीने किती वेळ घेतला याची नोंद ठेवणारं ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेंशन पोस्टग्रेसबरोबरच येतं, पण ते आपल्याला चालू करावं लागतं आणि त्यासाठी एक रीस्टार्ट लागतो. संध्याकाळचं संकलन उरकल्यावर तेवढं केलं आणि सकाळची वाट पाहिली.

सगळ्यांचा संशय एका मोठ्या मासिक रिपोर्टवर होता. तो खरोखरच संथ होता, पण दिवसातून एखाद्या वेळीच चालायचा. मी यादी सरासरी वेळेप्रमाणे न लावता एकूण वेळेप्रमाणे लावली. एका फेरीला किती लागला यापेक्षा सकाळभरात सर्वाधिक वेळ कोणी खाल्ला, हे आधी पाहावं, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यात वर आली एक इवलीशी अपडेट. प्रत्येक पावतीबरोबर संघाच्या ‘आजच्या एकूण आवके’त तेवढे लिटर मिळवायचे, एवढंच तिचं काम. मुख्य कार्यालयातल्या स्क्रीनवर तो आकडा दिसत असे.

त्या टेबलात साठेक ओळी होत्या. पोस्टग्रेस 8 केबीच्या पानांवर लिहितं आणि एवढ्या ओळी एका पानात मावाव्यात. पण क्वेरी कशी चालते ते दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लेन’ला ‘अ‍ॅनालाइझ’ आणि ‘बफर्स’ जोडून पाहिलं, तर एका ओळीसाठी हजारभर पानं चाळली जात होती.

याचं मूळ पोस्टग्रेसच्या घडणीत आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 साली बर्कले विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पापासून जुनी ओळ खोडायची नाही, नवी आवृत्ती वेगळी लिहायची, ही रीत चालत आली आहे. त्यामुळे वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. मला ही रचना फार आवडते, पण तिला रोजची झाडलोट लागते. निकामी आवृत्त्या ‘ऑटोव्हॅक्यूम’ उचलतो. तो इथेही दर मिनिटाला येत होता, पण रिकाम्या हाताने परतत होता. लॉगमध्ये तो स्वच्छ सांगत होता की ओळी मृत आहेत, पण अजून काढता येत नाहीत.

का येत नाहीत? कारण त्या ओळी जिवंत असतानाचं जुनं चित्र धरून कोणीतरी बसलेलं आहे. चालू कनेक्शनं दाखवणाऱ्या ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’त ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेप्रमाणे क्रम लावला आणि पहिलीच ओळ पहाटेची निघाली. तिची अवस्था होती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम काहीच चालू नाही. हिशेब विभागातला माणूस आल्याबरोबर पावती तपासणीचा स्क्रीन उघडे. तो प्रोग्रॅम कर्सर उघडून थोड्या थोड्या पावत्या आणायचा आणि स्क्रीन बंद होईपर्यंत ट्रान्झॅक्शन मिटवायचाच नाही. त्या माणसाची यात काडीची चूक नव्हती. स्क्रीन समोर ठेवून पावत्या तपासणं हेच त्याचं काम. दोष प्रोग्रॅमचा होता.

आता सात वाजताच का, तेही उलगडलं. सगळ्या केंद्रांची प्रत्येक पावती त्याच एका ओळीवर येत होती आणि एका ओळीवर एका वेळी एकालाच लिहिता येतं. सहा वाजता अपडेटला मिलिसेकंदही लागत नसे. मागचा ढीग वाढला की तीस-चाळीस लागत. तेही डोळ्यांना जाणवण्याइतके नाहीत, पण पावत्या त्याहून वेगाने येऊ लागल्या की मागे रांग लागते आणि मग सेकंद मोजावे लागतात. नवा, दुप्पट वेगाचा सर्व्हर आणला असता, तर हेच दुखणं सातऐवजी थोडं उशिरा उठलं असतं.

हिशेब विभागाला सांगून ते एक कनेक्शन तोडलं. पुढच्या मिनिटा-दोन मिनिटांत ऑटोव्हॅक्यूम फिरला आणि पावत्या पुन्हा तत्काळ निघू लागल्या. कायमचे बदल मात्र एकेक करून केले आणि प्रत्येकानंतरची सकाळ मोजली. दोन बदल एकदम केले की कशाने गुण आला ते कळत नाही. तपासणीच्या लॉगिनला ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ पाच मिनिटांचा लावला. ही सोय 9.6 आवृत्तीपासून आहे. सॉफ्टवेअर देणाऱ्यांकडून तो स्क्रीन दुरुस्त करून घेतला. शेवटी आवकेची ती एकच ओळ मोडून प्रत्येक केंद्राला स्वतःची ओळ दिली. बेरीज स्क्रीनवर दाखवताना होते.

नव्या सर्व्हरची खरेदी थांबली. तुमच्याकडे पोस्टग्रेस असेल आणि कोणी यंत्र बदला म्हणत असेल, तर आधी सगळ्यात जुनं उघडं ट्रान्झॅक्शन किती वाजताचं आहे ते बघा, आणि ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ बिघाड होण्याआधीच चालू करून ठेवा.